तीन ठोक्यांचा पत्रा

लहान हाताचा निळा ठसा.

लाल प्लास्टिकची बादली.

पायाच्या बोटांवर उभ्या राहिलेल्या आठ मुली.

वानरांची टोळी.

तीन ठोके. थांबा. तीन ठोके.

मित्रांनो, या सगळ्यांना मी ओळखतो. मी एक जुना पत्रा आहे. दारासारखा सपाट, एका कडेला गंजलेला. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथे मी आधी शेळ्यांच्या गोठ्याचे दार होतो. पुढे एका पावसाळ्यात दरड कोसळली आणि तळीये गावावर डोंगर खाली आला. त्या पावसाळ्यानंतर वाडीतल्या महादूआजोबांनी मला बिजागरीवरून उतरवले आणि ऐनाच्या झाडाला तारेने टांगले. शेजारी पहार ठेवली.

नियम सोपा होता. डोंगरातून आवाज आला, ओढा एकाएकी गढूळ झाला, की तीन ठोके. ते ऐकले की हातातले टाकायचे, शेजारच्याचा हात धरायचा आणि खालच्या शाळेकडे चालू लागायचे.

"मागं बघायचं नाय," आजोबा पोरांकडून घोकून घेत.

दर पौर्णिमेला विहारातली वंदना झाली की सराव व्हायचा. आजोबांची नात आम्रपाली सगळ्यांच्या पुढे. जयंतीच्या कमानीला निळा रंग देताना तिने रंगाने भरलेला हात माझ्यावर उमटवला. तेव्हा मला कोणी भंगार म्हणत नव्हते.

मग खांबावर धोक्याचा इशारा देणारा, विजेवरचा नवा भोंगा आला. त्याच वर्षी आजोबा वारले. सराव थांबला. या दिवाळीत भंगारवाल्याचा टेम्पो वाडीत चढला आणि आम्रपालीच्या काशीबाईआजींनी मला देऊन लाल बादली घेतली.

"भोंगा हाय की आता. ह्यो कशाला लोंबतोय?" एवढेच त्या बोलल्या.

महाडच्या भंगाराच्या ढिगात चांगू नावाच्या माणसाने मला टिचकी मारून पाहिले. तो एका बॅले मंडळीत पडद्यामागची कामे करतो. त्याला खेळासाठी गडगडाटाचा आवाज हवा होता.

नाताळच्या सुट्टीत महाडलाच मुलांसाठी प्रयोग लागला. बर्फाच्या डोंगराची गोष्ट. रंगमंचावर पांढऱ्या कपड्यांतल्या आठ मुली पायाच्या बोटांवर नाचत होत्या. मी विंगेत टांगलेला होतो. पडद्याच्या फटीतून मला दुसरी रांग दिसली आणि तिथे आम्रपाली दिसली. सहा वर्षांची, नव्या स्वेटरमधली. शेजारी तिची तेजश्रीमावशी. ती महाडच्या एका शाळेत शिकवते. हट्टाने भाचीला घेऊन आली होती.

"मावशी, त्यांच्या टाचा जमिनीला लागतच नायत गो!"

"हळू बोल. बर्फाचे कण आहेत त्या."

"बर्फ तर गोळेवाल्याकडं असतो."

मावशीने तोंडावर रुमाल धरला. आम्रपाली पुढे सरकून, डोळे विस्फारून पाहत होती. मला वाटले, ही अशीच बसून राहावी. पण गोष्टीच्या शेवटी डोंगर कोसळतो. ते काम माझे होते.

चांगूने मला दोन्ही हातांनी हलवले. गडगडाट झाला. मुलांनी आनंदाने किंकाळ्या मारल्या. मग कोसळत्या दगडांच्या आवाजासाठी त्याने हातोडी उचलली.

तीन ठोके. थांबा. तीन ठोके.

आम्रपालीच्या मांडीवरची चिवड्याची पुडी खाली पडली. तिने एका हाताने मावशीला धरले, दुसऱ्या हाताने शेजारच्या अनोळखी मुलाला, आणि ती चालू लागली. पळाली नाही. रडली नाही. तिने मागे पाहिले नाही.

"अहो, हिला आवरा! माझ्या मुलाला कुठे ओढतेय?" एक बाई ओरडली.

"घाबरली बिचारी," कोणी म्हणाले. रांगच्या रांग हसली. उठले कोणीच नाही.

दाराशी पोचल्यावर आम्रपाली जिवाच्या आकांताने ओरडली, "उठा ना! पत्रा वाजतोय!"

मित्रांनो, लोक हसतच राहिले. मी झुलत राहिलो.

प्रयोगानंतर मावशी तिला विंगेत घेऊन आली. "बघ, नुसता पत्रा आहे."

आम्रपालीने माझ्यावरच्या ठशावर हात ठेवला. बोटे आता ठशाबाहेर जात होती.

"ह्यो आमचा हाय."

"तुझ्या आज्यानं घडवला काय?" चांगू म्हणाला.

"आज्यानं टांगला. काका, द्या ना. वाडीला न्यायचाय."

चांगू हसायचा थांबला. "आता कसा देऊ गो? उद्या माणगावात खेळ हाय."

"अगं, वाडीत भोंगा आहे ना," मावशी म्हणाली.

"त्यो वाजला कधी?"

मावशीने माझ्याकडे पाहिले, मग चांगूकडे. "पावसाळ्याआधी विचारू हां," ती म्हणाली आणि तिने आम्रपालीचा हात माझ्यावरून सोडवला.

आता मी मंडळीच्या टेम्पोत दोरीने बांधलेला असतो. गावोगाव डोंगर कोसळवतो आणि टाळ्या ऐकतो. मित्रांनो, नवे आणा, जरूर आणा. पण ते वाजते का, हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐका. मगच जुन्याला निरोप द्या. आणि एखादे लहान मूल तुमचा हात धरून उठले, तर निदान दारापर्यंत तरी त्याच्याबरोबर जा.

मला भंगाराच्या टेम्पोत टाकले, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी वानरांनी भोंग्याची वायर तोडली. तेव्हा तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हते.