गाळाच्या वाफ्यातलं बेणं

मी संतराम. औंढ्याच्या रस्त्याला लागून माझं घर आणि शेत. मी तोंडाचा किती फाटका आहे, ते गावात कुणालाही विचारा. माझा लेक सोमेश्वर मात्र आईवर गेला होता. मी कितीही बोललो तरी ‘बरं दादा’ म्हणून हसायचा आणि आपलंच खरं करायचा.

दोन वर्षांपूर्वी त्यानं विहिरीजवळ शेडनेट उभारलं. त्यात बटाट्याचं बेणं तयार करायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. प्रयोगशाळेतून बोटभर रोपं आणली. तीन वाफ्यांत तीन तऱ्हेची माती भरली, एकात आमची काळी, दुसऱ्यात माळावरची तांबडी आणि तिसऱ्यात सिद्धेश्वर धरणातला गाळ. खत म्हणजे गांडूळखत आणि निंबोळी पेंड, युरियाचा दाणासुद्धा पडू दिला नाही. मी चार लोकांत त्याला बटाटेशेठ म्हणायचो. पहिल्या वर्षी सगळं करपलं, तेव्हा तर मला बोलायला आयतंच सापडलं.

यंदा दिवाळीनंतर त्यानं पुन्हा लागवड केली. बाराव्या दिवशी हिंगोलीहून येताना ट्रकनं त्याला उडवलं.

त्यानंतर माझी पावलं शेडनेटकडे वळली नाहीत. सून पुनम जायची. पाणी द्यायची, रोपांना माती लावायची, पानं उलटून बघत बसायची. तेराव्याला तिचा भाऊ पुसेगावहून न्यायला आला. ती त्याला म्हणाली, यांनी लावलंय ते काढते, बेणं ठेवते आणि पुढच्या दिवाळीला उघड्या रानात लावून बघते, मग ये. मी आतून ऐकत होतो. लेक गेला, पण निदान वर्षभर पोरगी डोळ्यांसमोर राहील, एवढाच आधार वाटला.

महाशिवरात्रीच्या आधी तिनं बटाटे काढले. साल घट्ट व्हावी म्हणून गोठ्यात सावलीला पोत्यांवर तीन ढीग पसरले. काळ्या मातीतल्यांवर डाग होते. तांबडीतले सुपारीएवढे बारीक. गाळातले मात्र लिंबाएवढे आणि स्वच्छ. मी लांबूनच बघितलं, काही विचारलं नाही.

शिवरात्रीला औंढ्याला दर्शनासाठी चालत जाणाऱ्यांना आमच्या दारात उकडलेला बटाटा आणि तिखट-मीठ मिळतं. माझ्या बापापासूनची रीत. यंदा लोक म्हणाले, राहू द्या. मी म्हटलं, सोमेश्वरच्या नावानं करू. माझी बायको गोजरबाई चुलीपुढं नुसती बसून होती, तिला कशाचंच भान नव्हतं. पुनम पुढच्या वाफ्यांसाठी गाळ आणायला सकाळीच सिद्धेश्वरला गेली होती. बाजारातून आणलेलं पोतं दुपारीच संपलं आणि रस्त्यानं माणसं येतच होती.

मी गोठ्यात गेलो. उपाशी माणसाला डागाळलेलं द्यायचं नाही. बारकं बेण्याला लागेल, कारण मी आजवर बेण्याचं पोतं विकत आणलं त्यात बटाटा बारीकच असायचा. गाळातल्यांचा ढीग मी सगळा पातेल्यात ओतला.

एक म्हातारी खाता खाता म्हणाली, बटाटा लई गोड हाय, कुठला? मी म्हटलं, माझ्या लेकानं पिकवलाय. असं मी तो जिवंत असताना कुणापुढं एकदाही बोललो नव्हतो.

दिवस कलला तेव्हा पुनम टेंपोतून उतरली. हात कोपरापर्यंत गाळानं माखले होते. ती आधी गोठ्यात गेली आणि तशीच बाहेर आली.

"मामा, गाळातले कुठं हायेत?"

मी सांगितलं. बेण्याचे बारके नीट ठेवलेत, हेही सांगितलं. ती खाली बसली.

"बारके टाकून द्यायचे होते," ती म्हणाली. "त्यांची पानं वळली होती. रोग हाय त्यात. काळ्यातलेबी न्हाई चालत. बेणं तेवढंच होतं, मामा."

मी म्हटलं, मला शिव्या दे. रोपं पुन्हा आणू, लागतील तेवढी आणू. ती म्हणाली, "रोपं मिळतील. त्यांच्या हातची न्हाई मिळायची."

तिच्या उपासासाठी मी पातेल्यात एक बटाटा राखून ठेवला होता. तिनं तो काढला, सोलला, मोडला आणि अर्धा माझ्यापुढं धरला.

"खा. चांगला निघाला तर पैला दादाला चारीन, म्हणायचे."

मी खाल्ला. खरंच गोड होता. मी लहान लेकरासारखा रडलो.

पाचव्या दिवशी तिचा भाऊ आला. या वेळी तिनं त्याला काही सांगितलं नाही. पिशवी भरली, सासूच्या पाया पडली, माझ्या पडली. आणलेला गाळ दारात तसाच पडला होता. मी जन्मभर ज्याला त्याला बोलत आलो, पण तिला थांब म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.