हाळीला ओ

हाळी पिक्चर्सचा लोगो अकरा सेकंदांचा होता. अपेक्षाची अकरा वर्षं त्यात गेली होती, आणि पुण्याच्या साउंडवाल्यानं एका वाक्यात त्याचा निकाल लावला होता. "चित्र ठेवा, आवाज बदला."

स्टुडिओ म्हणजे काय, तर कराडला शंभूराजच्या शेतातलं गुळाचं जुनं गोदाम. ऊस पिकवणाऱ्या घरातल्या या पोराला सिनेमाचं वेड लागलं तेव्हा भावकीनं त्याला वेड्यात काढलं होतं. अपेक्षा त्याच घरात राहून इंजिनिअरिंग शिकायला आली. तिच्या आबांची, म्हणजे बिराप्पांची मेंढरं दरसाल जतहून येऊन याच रानात खतासाठी बसायची, तेवढी ओळख पुरली. पोरगी शिकायचं सोडून वहीच्या मागच्या पानांवर मेंढरं काढत बसते, हे शंभूराजनं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "हेच हलवून दाव की." तिथून सगळं सुरू झालं.

पहिला लोगो पेन्सिलीचा. माळावर घोंगडीवाला धनगर उभा. तो तोंडाशी हात नेऊन लांब हाळी देतो. विखुरलेली मेंढरं माना वळवतात, धावत येतात, आणि दुपारच्या उन्हात जशी एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोळा होतात तशी गोळा होतात. त्या गोळ्यातून अक्षरं उमटतात : हाळी. आबांनी मोबाइलवर ते पाहिलं आणि विचारलं, "ही मेंढरं हायती का कापसाची बोंडं?"

मग दुसऱ्या खेपेला माडग्याळी मेंढरं आली. फुगीर नाक, लोंबते कान, अंगावर तपकिरी ठिपके. तिसऱ्या खेपेला चाल सुधारली, कारण अपेक्षाची मेंढरं घोड्यासारखी टापा टाकत होती. आबा अंगणात हातापायांवर रांगून दाखवत होते आणि आई, सुलाबाई, पदर तोंडात कोंबून हसत होती. चौथ्या खेपेला रंग चढले आणि लोगो थेटरात लागला. जतच्या थेटरात तो पडद्यावर आला तेव्हा सगळी धनगरं हसली, शिट्ट्या वाजल्या. अपेक्षाला तर आनंदानं रडूच फुटलं होतं.

चित्र चार वेळा काढलं, आवाज मात्र तोच राहिला. तो आबांचा होता. माडग्याळच्या माळावर तिनं साध्या मोबाइलवर धरलेला. मागं वारा घोंगावत होता आणि मध्येच एसटीचा हॉर्न होता. दोन वर्षांपूर्वी मिरजेला आबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलायचे. घरात लग्नांच्या व्हिडिओत वाजंत्री होती, पंगती होत्या, पण आबांचा आवाज कुठंच नव्हता. उरला होता तो एवढाच.

"अपेक्षा, मला कळत न्हाई का?" शंभूराज म्हणाला. "पण ह्या खेपेला एवढा मोठा पिक्चर, दोनशे थेटरं. तिथं तो वारा भोंग्यावानी वाजतोय. पुण्यातनं दुसऱ्या मानसाची हाळी आलीय, तीबी चांगली हाय. तरी तू म्हनशील तर जुनी ठेवू. फकस्त एक कारन दे, त्यांच्यापुढं मला मांडता येईल असं. आठ दिवस हायत."

'माझ्या बापाचा आवाज आहे' हे कारण पुण्याला चालणार नव्हतं, हे अपेक्षालाही कळत होतं. दोन दिवस तिनं डोकं खाजवलं. मग ठरवलं, मेंढरांनाच विचारायचं. मेंढरांपेक्षा मोठा साउंडवाला कोण? ज्या हाळीला कळप मान वर करील ती खरी. कळपाचा व्हिडिओ काढायचा आणि पुण्याला पाठवायचा. ती स्पीकर पिशवीत घालून जतच्या एसटीत बसली.

माळावर आई कळपामागं होती, आबा बाभळीखाली घोंगडीवर. अपेक्षानं आधी पुण्याची हाळी लावली. एकाही मेंढीनं मान वर केली नाही. तिचा चेहरा फुलला. मग तिनं आबांची हाळी लावली. एका म्हाताऱ्या मेंढीनं कान हलवला, तोही माशी बसली म्हणून. तिनं आवाज वाढवला, पुन्हा लावली. कळप आपला शांतपणे चरत होता.

अपेक्षा खालीच बसली. तिनं बाभळीकडं पाहिलं, तर आबांचे खांदे गदगदत होते. ते हसत होते, पोट धरून, आवाजाशिवाय.

"आता सांगा तिला," आई आबांना म्हणाली आणि स्वतःच सांगू लागली. "आगं, मेंढरांस्नी कुनी येवडी लांब हाळी देतं व्हय? त्यांस्नी जिभंची टकटक, न्हाईतर हुर्र. ही हाळी मानसाची. भाकरीची. लांब गेलेल्या मानसाला जेवायला बोलवायची."

"म्हंजे? लोगोत मेंढरं भाकरी खायला पळत येत्यात?"

"तर! म्हनून तर जतात समदी हसत हुती."

अपेक्षाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. धनगराची पोरगी, आणि माळाची एवढी साधी गोष्ट तिला ठाऊक नसावी? लहानपणापासून वसतिगृहात राहिली, सुट्टीला आली तरी चित्रं काढत बसली, त्याचं हे फळ. "अकरा वर्सं तुमी गप बसला?"

"तुजं आबा म्हनलं, पोरीनं येवडं चितारलंय, ऱ्हाऊ दे. थेटरातल्या मानसांस्नी जेवायला बोलावलं तर काय वंगाळ झालं?"

आबांनी पाटी ओढून घेतली. चौथीपर्यंतचं अक्षर, पण ठसठशीत. 'हाळी तुलाच दिली हुती. तीनदा. तू ओ दिली न्हाईस.'

आणि अपेक्षाला तो दिवस लख्ख आठवला. ती टेकडीवर मोबाइल धरून बसली होती. लांबून आवाज चांगला येतो असं तिला वाटलं होतं. आबांनी हाळी दिली, पुन्हा दिली, पुन्हा दिली. ती मेंढरांनाच देतायत असं समजून, रेकॉर्डिंग बिघडेल म्हणून ती तोंड दाबून गप्प राहिली होती.

"आमच्यात हाळीला ओ आली न्हाई तर काळजाचं पानी हुतं," आई म्हणाली. "इंचू चावला, का पाय घसरला. तुजं आबा जेवन टाकून त्या उन्हात टेकडी चढलं."

चढून आलेल्या त्या माणसाला, धापा टाकणाऱ्या आपल्या बापाला, अपेक्षानं तेव्हा काय म्हटलं होतं तेही तिला आठवलं. "आबा, थांबा की जरा, रेकॉर्ड चाललंय!" आबा खरंच थांबले होते, तिच्यासाठी आणलेली भाकरी मागं लपवून. तिला लाज वाटली, आणि लाजेहूनही मोठं असं काहीतरी छातीत भरून आलं. आपल्या वाट्याला असा बाप आला. चुकलेलं चित्रसुद्धा त्यानं अकरा वर्षं कौतुकानं पाहिलं. तिनं वाकून आबांच्या पायावर डोकं ठेवलं. आबांनी तिला टपली मारून उठवलं.

मग ती टेकडीवर गेली. आईनं खालून स्पीकर लावला. हाळी वर आली, वाऱ्यासकट, हॉर्नसकट. अपेक्षानं मोबाइल पुढं धरला आणि सगळा ऊर रिकामा करत ओ दिली. खाली आबा बाभळीच्या बुंध्याला धरून उभे राहिले होते.

कराडला येऊन तिनं पाचवा लोगो काढला. आता हाळीला एकही मेंढरू हलत नाही. वाऱ्यानं घोंगडीचा पदर उडतो, म्हणून वारा ऐकू येतो. लांबच्या रस्त्यानं लाल एसटी जाते, म्हणून हॉर्न. टेकडीवर एक बारकी पोरगी उठून उभी राहते आणि ओ देते. मेंढरं आपापली उन्हानं गोळा होतात आणि अक्षरं बनतात. पुण्याच्या साउंडवाल्यानं ते तीनदा पाहिलं. "वारा आता खुपत नाही," तो म्हणाला. "कुठून येतोय ते दिसतंय ना. राहू दे." शंभूराजला मांडायला कारण मिळालं. फोन ठेवून तो अपेक्षाला म्हणाला, "हाळीला ओ लागती, ह्ये आबांनी मला फुकटात शिकवलं गड्या."

जतच्या थेटरात बाराचा खेळ. पुढच्या रांगेत आबा, आई, अपेक्षा. मागं माळावरची माणसं, पटके, पदर, पोरंबाळं. अंधार झाला, घोंगडी उडाली आणि आबांचा आवाज थेटरभर घुमला.

या वेळी कुणी हसलं नाही. पोरगी पडद्यावर उठायच्या आधीच मागच्या रांगेतून एका म्हातारीनं सवयीनं ओ दिली. मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. ओऽऽ, ओऽऽ, अख्खं थेटर ओ देत होतं. अपेक्षाची रेकॉर्ड केलेली ओ त्या गलक्यात पार बुडाली.

आबा पडद्याकडं बघतच नव्हते. खुर्चीत मागं वळून, डोळे पुसत, ते प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते आणि ज्यानं ज्यानं ओ दिली त्याला हातानं जवळ बोलावत होते, या, बसा, जेवायला या.