तिसरा चेंडू

“तीन टीचभर चेंडू उचलायला देवाने माणूस जन्माला घातला का?”

आमचे हे उशीत तोंड खुपसून पुटपुटले. मी उशाशीच गोळ्या काढत होते, म्हणून ऐकू आलं. छातीत कफ भरल्यापासून ह्यांचा आवाज हातभर अंतरापलीकडे जात नव्हता.

ते प्लास्टिकचं खेळणं डॉक्टरीणबाईंनी दिलेलं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की तीन कप्प्यांतले तीन चेंडू वर चढतात. “तिन्ही वर थांबले की कामाचं बोलू,” असं त्या ह्यांना म्हणाल्या. मला आणि माझ्या दिराला मात्र दाराबाहेर नेऊन वेगळंच सांगितलं. ते आम्ही दोघांनी औषधांच्या पिशवीत घालून घरी आणलं आणि पिशवीतच ठेवलं.

हे फर्निचरच्या कारखान्यात सुतार. चाळीस वर्षं रंधा चालवला. वाकडं काही खपत नाही. लोकांकडे पाहुणे म्हणून गेले, तरी आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार, मग पाणी पिणार.

भावजी त्याच कारखान्यात. रोज संध्याकाळी येताना अंगावरचा भुसा घरात नको म्हणून जिन्यातच सदरा बदलायचे.

“माझ्या रंध्याला कुणी हात लावत नाही ना रे?” हे विचारायचे.

“तुझ्या रंध्याला हात लावायची कुणाची छाती आहे, दादा!” असं म्हणून भावजी हसायचे आणि लगेच जीभ चावून पंख्याकडे बघत बसायचे. मी चहाला उठायचे. चहा ही आमच्या घरातली पळवाट.

शनिवारी ह्यांनी स्वतःच हाक मारली. “या दोघं. बघा.”

खेळणं टेबलावर मांडलेलं. ह्यांनी श्वास ओढला. पहिला चेंडू वर, दुसरा वर, आणि चक्क तिसराही! मला तर रडूच फुटलं.

“सोमवारी येतो रे कामावर,” हे म्हणाले. इस्त्रीचा सदरा खुर्चीवर तयारच होता.

भावजी टाळी वाजवायला गेले आणि हात हवेतच राहिले. एक डोळा मिटून ते खेळण्याकडे बघू लागले. सुताराची नजर, ती थोडीच कुणाचं ऐकते!

“दादा, हे ओळंब्यात नाही.”

बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले. मी वाकून पाहिलं. खेळण्याखाली एक पाचर, बोटाएवढी, सुबक तासलेली. तिरक्या कप्प्यात चेंडू कमी श्वासात चढतात. पलंगाखाली मला लाकडाच्या बारीक ढलप्या सापडल्या होत्या. पेन्सिलीच्या असतील, असं म्हणून मी झाडून टाकल्या होत्या. माझी भाजीची सुरी बोथट का झाली, तेही आत्ता कळलं.

मी सवयीने चहाला उठले.

“बस गं,” हे म्हणाले.

त्यांनीच पाचर काढली. तळहाताने खेळणं सरळ केलं, श्वास ओढला. पहिला चेंडू चढला. दुसरा थरथरला. तिसरा जागचा हललाही नाही. मग खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. मी पाठीवरून हात फिरवत राहिले.

खोकला निवला तेव्हा ह्यांनी पाचर भावाच्या हातावर ठेवली.

“रंधा तू वापर. तो भुसा आता माझा जीव घेईल. मी परत येत नाही.”