मुलाम्याखालचं गाणं

मी एक जुनी सोनेरी तबकडी आहे, मित्रांनो. सोनं फक्त वरवर आहे, हे आधीच सांगून टाकते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी साधी काळी होते. माझ्यात एका नवख्या गायिकेचं गाणं होतं, तिचं पहिलं आणि शेवटचंही. ते कुणी घेतलं नाही. न खपलेल्या तबकड्या वितळवायला काढल्या, तेवढ्यात साहेबांचा निरोप आला. एका बड्या गायकाला सोन्याची तबकडी द्यायची होती आणि समारंभ तोंडावर आला होता. त्यासाठी चांगला माल कोण वाया घालवणार? कारागिराने ढिगातून मला उचललं.

"कुठलीही चालेल," तो म्हणाला. "वाजवून कोण बघतंय!"

माझ्यावर पातळ मुलामा चढला, मधोमध गायकाचं नाव चिकटलं. माझ्या बहिणी भट्टीत गेल्या.

मग काय, टाळ्यांचा कडकडाट! गायकाने मला छातीशी धरून फोटो काढून घेतले. पोटात भलतंच गाणं आहे, याचा त्याला पत्ताही नव्हता. पुढे त्याचा आवाज बसला आणि दिवाणखान्यातून माझी रवानगी माळ्यावर झाली. तो गेल्यावर मुलाने मला एका संग्राहकाला विकलं. त्याच्याकडे करंडक आहेत, सह्या केलेले फोटो आहेत, गायकांचे चष्मेसुद्धा आहेत. तो मला हातमोजे घालून पुसतो. मला वाजवून बघावं, असं काही त्याच्या मनात येत नाही.

आज एक आजी नातीला घेऊन आल्या. त्यांनी गाण्याचं नाव सांगितलं आणि मी चौकटीत थरारले. तीच ती गायिका!

"माझ्याकडे एकही उरली नाही हो," त्या म्हणाल्या. "या पोरीला वाटतं, मी थापा मारते."

"तसं नाही गं," नात पुटपुटली. "पण कधी ऐकवलंच नाहीस ना!"

संग्राहक हळहळला. "आजी, मीही किती वर्षं शोधतोय. सगळ्या वितळवल्या. आता कुठेच मिळायची नाही." मग त्यांची समजूत काढायला त्याने मला दाखवलं. "निदान ही बघा. अगदी अस्सल!"

आजींनी काचेवर हात टेकून गायकाचं नाव वाचलं. "नशीब लागतं," एवढंच म्हणाल्या आणि नातीचा हात धरून निघाल्या.

माझी आबाळ झाली, असं कोण म्हणेल? माझ्यावर धुळीचा कण नाही. मित्रांनो, जुनं काही जपाल तेव्हा जरूर पुसा, पण कधीतरी ऐकूनही बघा. सुई टेकवली तर मी अजून गाईन. आजी अजून जिना उतरताहेत, हाक मारली तर ऐकू जाईल. पण संग्राहक काचेवरचे त्यांच्या बोटांचे ठसे पुसण्यात गुंग आहे.