फणसाचा बुंधा

उमाजीच्या अंगणात तोडलेल्या फणसाचा बुंधा उरला होता. तिन्हीसांजेला अख्खी वाडी त्याच्यावर आणि त्याच्याभोवती बसून पान खाई. शेजारच्या लखूची ताजी सारवलेली पडवी मात्र रिकामीच. लखूच्या पोटात दुखू लागलं.

"उमाजी, बुंध्याला वाळवी लागलीया. उद्या घरात शिरंल. मी काढून देतो, फुकट."

"काढ की," उमाजी म्हणाला.

आधी झाडाची माफी मागून नारळ फोडायची रीत. नारळही लखूनंच आणला. तो घाम गाळत मुळं तोडत होता आणि वाडी खोबरं चघळत सल्ले देत होती. शेवटी बुंधा निघाला. लखूनं तो लोटत आपल्या अंगणात नेला, धुतला, शेजारी पानाचं तबक मांडलं आणि वाट बघत बसला.

कुणी आलं न्हाई. वाडी उमाजीकडंच होती, खड्ड्यात पाय सोडून.

"लखूअण्णा, ये की!" उमाजी ओरडला. "बसायला लई बेस झालंय. समदी तुझी किरपा!"

सकाळी लखूच्या बायकोनं, पारूनं, नवऱ्याला अंगण खणताना बघितलं.

"आता ह्ये काय वो?"

"खड्डा."

"कशाला?"

"त्याच्यापरीस मोठा," लखू म्हणाला.