कंपाउंडवरची कंटोली

माझे सासरे केसरीनाथ यांना जेवायला दोनच गोष्टी लागत, भात आणि मासळी. कोन गावातलं आमचं आगरी घर, त्यात नवल काहीच नव्हतं. पण २००५ साली त्यांना डायबेटिस निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, भात कमी करा, भाज्या आणि फळं रोज खा, आणि तीही बदलून बदलून. मी बाजारातून फ्लॉवर, गाजर, सफरचंदं आणू लागले. बाबा ताट बाजूला सारत. म्हणत, "याला ना वास, ना चव."

श्रावण लागला, मासळी बंद झाली, तसे ते नुसत्या बटाट्यावर आले. शेवटी मी कामतघरला कमळआत्यांना फोन केला. बाबांची ही धाकटी बहीण. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या रिक्षातून उतरल्या आणि थेट बाबांसमोर बसल्या.

"दादा, आयनं आपल्याला बटाट्यावं वाढवलं काय?"

"तवा शेत होतं, कमळ. आता तिथं गोडाऊन हाय."

"गोडाऊनच्या मागं बांध तर असंल ना? चल, बघून येऊ."

शेत विकल्यापासून बाबा त्या वाटेला फिरकले नव्हते. बहिणीपुढे मात्र त्यांचं चाललं नाही. पिशवी घेऊन मीही निघाले.

गोडाऊनमागे बांधाचा एक तुकडा उरला होता. त्यावर कुर्डूची रानभाजी माजली होती. आत्या वाकून कोवळे शेंडे खुडू लागल्या. बाबा नुसतेच उभे होते. मग त्यांची नजर कंपाउंडच्या तारेवर गेली. तिथे कंटोलीचा वेल चढला होता, बारीक काट्यांची हिरवी फळं लोंबत होती. ते पुढे झाले आणि तोडू लागले. इतक्यात वॉचमन आला.

"चाचा, उधर क्या कर रहे हो?"

"कंटोली है. सब्जी बनती है इसकी."

वॉचमनने एक फळ हातात घेतलं आणि त्याचा आवाजच बदलला. "ये तो खेकसा है. हमारे गाँव में अम्मा बनाती थी."

बाबांनी निम्मी कंटोली त्याच्या गमछ्यात ओतली. त्याने केबिनमागच्या झाडाची एक पपई काढून माझ्या पिशवीत टाकली.

त्या दुपारी आत्यांनी कंटोली कांदा-खोबऱ्यावर परतली, कुर्डूत वालाची डाळ घातली. बाबा जेवत होते आणि बोलत होते. कुठल्या बांधावर काय उगवायचं, आई कशात काय घालायची. लग्न होऊन मला सहा वर्षं झाली होती, पण त्यांच्या आईबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. शेवटी त्यांनी पपईची एक फोड उचलली, खाल्ली, आणि म्हणाले, "सुनबाय, उद्या त्या तुज्या गाजराचं बी काय ते कर. खाऊन बघतो."

आत्या गणपतीपर्यंत राहिल्या. मी रोज वेगळी भाजी आणायची आणि ती दोघं ओटीवर बसून निवडायची. निवडणं कमी, भांडणच जास्त. लहानपणी शेजाऱ्याचे पेरू चोरताना आधी कोण पळालं, हा वाद त्यांचा कधी मिटला नाही. बाबा आता नाहीत, आत्याही गेल्या. पण भाजी निवडायला बसले, की माझे हात अजून सावकाश चालतात. त्या दोघांचं बोलणं ऐकत ऐकत निवडायची सवय लागली होती ना.