जिल्ह्याच्या बातमीचं पोलकं

मी एक जुना पेपर आहे, मित्रांनो. निदान होतो तरी. आता मला बायका 'पोलक्याचा कागद' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मी नक्की कोण, हे माझं मलाच अजून उमगलेलं नाही. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

माझा जन्म एकोणीसशे ब्याऐंशीच्या ऑगस्टातला, ऐन पोळ्याच्या आठवड्यातला. उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर हा नवा जिल्हा वेगळा झाला, ही बातमी ठळक अक्षरांत माझ्या अंगावर छापली गेली. एरवी पेपराचं आयुष्य ते केवढं? सकाळी वाचा, संध्याकाळी त्यात शेंगदाणे बांधा! पण मी पडलो उदगीरच्या बसलिंगप्पांच्या हातात. मोंढ्यात त्यांचं आडतीचं दुकान. त्यांनी मला चारदा मोठ्यानं वाचलं, येईल त्याच्या हातावर पेढा ठेवला, आणि घरी नेऊन, कुणाला काही न बोलता, आपल्या गादीखाली जपून ठेवलं. मी तर गादीखालीसुद्धा फुगून बसलो होतो.

त्या साली पावसानं दगा दिला. गादीखाली मला काय दिसणार, पण घागरींचे आवाज ऐकू यायचे, आणि पुढे पुढे त्या रिकाम्याच वाजायला लागल्या. उन्हाळ्यात गल्लीत टँकर आला की सगळं घर उठून पळायचं. एवढी मोठी बातमी घरात असताना लोक पाण्यामागं का पळतात, मला काही कळेना.

एप्रिलात एके दिवशी सुनेनं, जगदेवीनं, गाद्या उन्हात टाकल्या आणि मी सापडलो. तिचं माहेर मुदखेडचं. लग्नाआधी तिथं तिनं शिवणाचा क्लास केला होता. तिनं मला उलटसुलट करून पाहिलं आणि ओरडली, "आत्या, ह्यो बघा केवढा मोठा कागद! तेलाचा डाग सुदीक न्हाई!" ठळक अक्षरांकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मी चक्रावलोच.

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, बसलिंगप्पांची बायको, शरणम्मा. त्यांचा उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जायचा नाही. खणाच्या चोळीची तंग बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं, त्यात उन्हाळ्याची घामोळी. रोज अंघोळ झाली की सून येईपर्यंत पदर घट्ट लपेटून बसायचं आणि मग तिच्या हातून चोळी घालून घ्यायची. तोवर लिंगपूजाही खोळंबायची. "लेकराला घालावी तशी मला घालून राहिली बाई तू," असं म्हणून त्या मान फिरवायच्या. आपला कपडा आपल्या हातानं घालता यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

जगदेवीजवळ माहेरची फिकट आकाशी मलमल होती. तिचं पुढून उघडं, ढगळ बाह्यांचं, टिचबटणांचं पोलकं शिवायचं तिनं ठरवलं. पण कापड एकच, तेही मोजकं. कात्री चुकली तर दुसरं आणायचं कुठून? म्हणून आधी कागद कापून बघायचा. आणि तो कागद म्हणजे मी!

माप घ्यायला ती टेप घेऊन गेली तर शरणम्मा मागं सरकल्या. "जित्या माणसाला दोरी लावून मोजतेत व्हय गं? सर तिकडं!" मग त्यांनी आपल्या डाव्या वितीनं स्वतःच मोजलं आणि सांगितलं, "छाती साडेचार वीत अन् दोन बोटं." जगदेवीनं मला जमिनीवर पसरलं, वितीवर वीत ठेवत माप घेतलं, आणि कात्री चालवली. उस्मानाबाद कापून लातूर काढलं, ही बातमी मी इतके दिवस मिरवत होतो. आता मलाच कापून पाठ काढली! 'लातूर' पुढच्या भागावर राहिलं, 'जिल्हा' पाठीवर गेला, आणि कुणा पुढाऱ्याचं भाषण काखेच्या गोलाईत अर्धं तुटलं. यालाच जिल्हा होणं म्हणतात की काय, असा मला प्रश्न पडला.

टाचण्या लावून तिनं मला सासूच्या अंगावर धरलं, तर पुढचे दोन काठ एकमेकांना भेटेचनात. चांगलं चार बोटांचं अंतर! जगदेवीचा चेहरा उतरला. "बराबर मोजलं की हो आत्या!"

शरणम्मांनी तिचा हात ओढून आपल्या पंज्यावर ठेवला. सुनेची बोटं पेरभर अलीकडंच संपली. "अगं खुळे, वीत माझी अन् कापलीस तुझ्या वितीनं!" दोघी हसत सुटल्या. शरणम्मा मध्येच खांदा धरून "आई गं" म्हणायच्या आणि पुन्हा हसायच्या. मलमल वाचली म्हणून हसू होतं ते. मग गुळाच्या पुड्याचा तपकिरी कागद कणकेच्या खळीनं माझ्या काठांना डकवला गेला. मी अर्धा पेपर, अर्धा गुळाचा पुडा. धड ना इकडचा, धड ना तिकडचा.

त्याच संध्याकाळी बसलिंगप्पांनी गादीखाली हात घातला. "माझा पेपर कुठंय?" त्यांनी घर डोक्यावर घेतलं. जगदेवी घाबरत घाबरत माझे तुकडे घेऊन आली. "अप्पा, मला ठावं नव्हतं..."

"आरं देवा! जिल्ह्याची बातमी कापली? किती वर्षं वाट बघितली म्या हिची!" त्यांनी तुकडे हिसकावले, डिंकाची बाटली काढली आणि सोप्यात बसून मला जोडायला घेतलं. शरणम्मा दारात उभ्या होत्या. त्या मलमलीच्या घडीकडं बघत राहिल्या. मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता ना? मी पुन्हा अख्खा पेपर होणार होतो. पण मला काही केल्या आनंद होईना.

तपकिरी पट्ट्यांमुळं तुकडे जुळेनात. "ह्ये काय मध्येच डकवलंय?" अप्पा खेकसले.

"आत्याचं माप हाय ते," जगदेवी हळूच म्हणाली. "त्यांचा हात वर जात न्हाई. चोळी मीच घालून देते. म्हणून मोकळं पोलकं शिवून राहिले."

अप्पांचा हात थांबला. "कवापासून?"

"पोळ्यापासून."

पोळ्यापासून! म्हणजे अप्पा गावभर पेढे वाटत होते, तेव्हापासून. ते बायकोकडं वळले. "मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुम्ही इचारलं कवा?" शरणम्मा म्हणाल्या.

अप्पा माझ्याकडं बघत होते. वाचत मात्र नव्हते. मग त्यांनी डिंकाचं बूच लावलं आणि तुकडे सुनेपुढं सरकवले. "आण ती मलमल. मी धरतो, हलू देत न्हाई." त्यांनी दोन्ही तळव्यांनी मला कापडावर दाबून धरलं आणि जगदेवीनं खडूनं रेघ ओढली.

दोन दिवसांत पोलकं शिवून झालं. तिसऱ्या दिवशी अंघोळ करून शरणम्मांनी ते खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. बाहेर अप्पा ताजा पेपर तोंडापुढं धरून बसले, पण पान काही उलटेना. आतून आवाज आला, टिच. मग बराच वेळ काहीच नाही.

"येऊ का, आत्या?"

"येऊ नको!"

टिच. पुन्हा शांतता. टिच. दार उघडलं. आकाशी पोलक्यात शरणम्मा घामाघूम उभ्या होत्या. एक बटण चुकून खालच्या घरात बसलं होतं, त्यामुळं एक काठ वर, एक खाली. जगदेवी नीट करायला पुढं झाली, तशी त्यांनी तिचा हात धरला.

"राहू दे तसंच. माझ्या हातानं लावलंय."

त्यानंतर त्याच मापावर कितीतरी पोलकी निघाली. शेजारणीही मला मागून नेतात. माझी घडी आता विरत चालली आहे, तेव्हा परत आणताना जरा जपून आणा, एवढी विनंती. मी पेपर की पोलकं, ते राहू द्या, मला अजून कळलेलं नाही. पण एक कळलं. मित्रांनो, कुठं नवा जिल्हा झाला ते आम्ही पेपर तुम्हाला ठळक अक्षरांत सांगू. घरात कुणाचा हात वर जात नाही, ते आमच्यात कधीच छापून येत नाही. ते तुम्हालाच विचारावं लागतं.